मास्तरांचं नाक

वन्यजीव व्यवस्थापन शिकायला चाललीय म्हटल्यावर नातेवाइकांनी तिला मनातल्या मनात उघड्या जीपमध्ये बसवून टाकलं होतं. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, समोर हत्ती. प्रत्यक्षात विद्यापीठानं तिला पहिल्याच आठवड्यात काय दिलं, तर एक बारीक चाळणी, एक चिमटा आणि रबरी हातमोजे. विष्ठा धुवायची! जनावराची विष्ठा नळाखाली चाळणीत धुवायची, उरेल ते वाळवायचं, आणि भिंगाखाली धरून त्या जनावरानं काय खाल्लं ते ओळखायचं. केस, बिया, हाडांचे कण, किड्यांचे पंख. आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आणि घरी मांजरानं केलं की नाक धरून अंगणात पळायचीस."

पण खरं सांगायचं तर तिला ते काम आवडलं. आवडणारच. घरी तिचं नावच चौकशी. स्टेशनवर असते तशी चौकशीची खिडकी, फक्त आमची खिडकी कधी बंद होत नाही, असं आई आल्यागेल्याला सांगायची. शेजारच्या घरी नवं कपाट आलं तर ते कुठल्या लाकडाचं, कुणी उचललं, जुनं कुठे गेलं, हे सगळं कळल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. हे नाव घरीच राहिलं असतं, पण एकदा आईनं विभागाच्या फोनवर "आमची चौकशी आहे का?" असं विचारलं आणि तो फोन नेमका वर्गातल्या लंबूनं उचलला. झालं. त्या दिवसापासून शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिला चौकशीच म्हणायला लागले.

विभागप्रमुख होत्या बाई. त्यांना नुसतं बाई म्हणत. उंच, गुडघे दुखरे, कोटाचे खिसे कायम फुगलेले, आणि बोलणं असं की चूक करणाऱ्याला वाटावं, चूक केली हे बरंच झालं, त्यानिमित्तानं यांनी समजावलं तरी. पण विभागात बाईंपेक्षाही मोठा मान होता तो मास्तरांना.

मास्तर म्हणजे कुत्रा. तपकिरी रंगाचा, एक कान मोडलेला, तोंडावरचे केस पांढरे झालेले. बाईंनी त्याला पिल्लू असल्यापासून एकच विद्या शिकवली होती: कोल्ह्याची विष्ठा शोधायची आणि सापडली की तिच्याशेजारी ताठ बसून राहायचं. सकाळच्या फेरीला मास्तर गवतातून पुढे जात, दिसेनासे होत, आणि मागून सगळे पोचेपर्यंत एखाद्या झुडपामागे फोटो काढायला बसल्यासारखे बसलेले असत. बाई गुडघे सांभाळत मागून येत, "शाब्बास रे" म्हणत आणि खिशातून एक बिस्कीट काढून त्यांना देत. विद्यार्थी तो ऐवज पिशवीत भरत, वर "कोल्हा" असं लिहीत, खाली जागा आणि तारीख. बाई सोडल्या तर मास्तरांना अरे-तुरे करायची कुणाची छाती नव्हती.

आता पुस्तकात पद्धत काय दिलीय? आधी आकार बघा, मग वास घ्या, मग उचला. कोल्ह्याच्या विष्ठेला एक उग्र वास असतो, एकदा डोक्यात बसला की जन्मात जात नाही. पण मास्तर बसलेत म्हटल्यावर वास कोण घेणार? तो मास्तरांचा अपमान झाला असता. शिवाय सकाळच्या प्रहरी, उपाशीपोटी! तेव्हा ती पायरी हळूहळू गळूनच गेली, आणि गळली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मास्तर म्हातारे झाले होते, पण हल्ली ते पूर्वीपेक्षा जास्तच शोधून काढायला लागले होते. एक दिवस चुकत नसे. "वयानं याचं नाक आणखी तिखट झालंय," असं बाई कौतुकानं सांगत.

त्या वर्षी शेजारच्या पशुपालन विभागातल्या कोंबड्या नाहीशा व्हायला लागल्या.

तिथल्या प्रमुखांना सगळे कोंबडीवाले सर म्हणत. माणूस तसा मनानं वाईट नव्हता, पण कोंबडी म्हटली की त्यांना पुढचं-मागचं सुचत नसे. ग्रंथालयामागच्या जुन्या सिमेंटच्या पाइपात एक कोल्ही पिल्लं घेऊन राहत होती. सरांनी कोल्ही पाहिली, कोंबड्यांची मोकळी जागा पाहिली, आणि दोन्हीची गाठ मारून टाकली. "चोर समोर राहतोय आणि आपण चोराचा अभ्यास करतोय!" असं ते भर बैठकीत ओरडले. शेवटी ठरलं असं, की वन्यजीव विभागानं विष्ठा तपासायची. तिच्यात कोंबडीची पिसं निघाली, तर शुक्रवारी पिंजरा लावायचा आणि कोल्हीला पिल्लांसकट लांबच्या जंगलात नेऊन सोडायचं. बाईंनी या ठरावावर सही केली, कारण पुरावा मागायचा हे त्याच जन्मभर शिकवत आल्या होत्या.

लांबच्या जंगलात सोडायचं, हे ऐकायला बरं वाटतं. पण त्याच बाईंनी वर्गात सांगितलं होतं की असं उचलून नेलेलं जनावर सहसा टिकत नाही. पाणी कुठे, लपायचं कुठे, काही माहीत नाही. तिथले आधीचे कोल्हे हिला उभं करणार नाहीत. आणि पिल्लं तर सगळ्यात आधी जातात.

तपासणीचं काम चौकशीकडे आलं. ती नाही म्हणाली नाही, पण मनातून तिला ते नको होतं. कारण रोज संध्याकाळी ती ग्रंथालयाच्या मागच्या खिडकीत पुस्तक उघडून बसायची आणि पुस्तक सोडून खाली पाइपाकडे बघायची. पिल्लं बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढायची. एक जरा धीट होतं, ते वाऱ्यानं उडालेल्या कागदावर झडप घालायचं आणि कागद हलला की स्वतःच घाबरून पाइपात पळायचं. तिला तिथून हसू आवरायचं नाही. ग्रंथपाल मग चष्म्यावरून बघायच्या.

तिनं साठवलेल्या पिशव्या काढल्या. धुतलं, चाळलं, वाळवलं. पहिल्याच पिशवीत पांढरं पीस. दुसरीत पीस. तिसरीत पिसाचा देठ आणि कोवळं हाड. कोंबडी, कोंबडी, कोंबडी! आपण चुकतोय असं व्हावं म्हणून तिनं पुन्हा पुन्हा भिंगातून पाहिलं. चूक काही निघेना. ती रडवेली होऊन बाईंच्या खोलीत गेली आणि होतं ते सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आहे ते आहे," त्या म्हणाल्या. "कोल्हीची वकिली करायला आपल्याला नेमलेलं नाही गं. मलाही वाईट वाटतंय, पण तू अहवाल लिहायला घे."

बातमी कोंबडीवाल्या सरांना कळायला कितीसा वेळ! ते स्वतः चालत आले. "म्हणालो नव्हतो मी?" असं दारातूनच म्हणाले आणि बाईंच्या टेबलाखालून बाहेर आलेल्या मास्तरांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "मास्तर, तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर." सरांचा मास्तरांवर भारी जीव. सकाळची फेरी झाली की मास्तर त्यांच्या आवारात एक चक्कर मारायचे, आणि सर स्वतः उठून त्यांना फाटक उघडून द्यायचे. कुत्र्याचा वास राहिला की कोल्हा फिरकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

चौकशीनं अहवाल लिहायला घेतला. आणि तिथंच अडली.

कारण पिसं होती हे खरं, पण चाळणीत आणखी काहीतरी उरत होतं. हिरवा दोरा. छोटे छोटे तुकडे, एका पिशवीत नव्हे, बऱ्याच पिशव्यांत. लोकरीचा दोरा. कोल्हीनं लोकर का खावी? आणि खाल्ली तर आणली कुठून? अहवालाला त्याची गरज नव्हती. पण तो दोरा तिच्या डोक्यात असा अडकला की जेवताना समोर, झोपताना समोर.

"कोल्हीनं विणकाम काढलं असेल," लंबू म्हणाला. "पिल्लांना थंडी वाजत असेल ना."

"गप रे."

"नाहीतर सरांच्या कोंबड्या स्वेटर घालत असतील."

तिनं आईला फोन लावला. आई एका दुकानासाठी स्वेटर विणून द्यायची, घरात लोकरीचे गुंडे पायात यायचे. कोल्ही आणि कोंबड्यांची सगळी हकीकत आईनं शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "हिरवी म्हणजे कसली? पोपटी की शेवाळी?"

"शेवाळी. जाड आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी गुळगुळीत दिसते. खरी लोकर खवल्याखवल्यांची दिसते गं, ही तशी नाही."

"मग ती खोटी लोकर. असली जाडीभरडी कुणी अंगात घालत नाही बाई, टोचते. पायाखाली घालतात. आणि काय गं, ते सगळं झाल्यावर हात साबणानं धुतेस ना?"

मग काय विचारता! चौकशी दोन दिवस मान खाली घालून हिंडली. वसतिगृहातली पायपुसणी बघून झाली. ग्रंथालयाच्या दारातलं बघून झालं, ते लाल निघालं. माळ्याच्या खोलीतलं बघताना माळ्यानं विचारलं, "काही हरवलं का ताई?" ती म्हणाली, "माझं नाही, कोल्हीचं." तो बिचारा बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

बुधवारी दुपारी ती अर्धवट अहवाल घेऊन बाईंकडे गेली. बाई वाचत होत्या, ही पेनाच्या टोपणाशी चाळा करत होती. टोपण हातातून निसटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. ती वाकली. टेबलाखाली अंधार होता आणि अंधारात मास्तर घोरत होते. त्यांच्या अंगाखाली विणलेलं जाड आसन होतं. शेवाळी हिरवं. एक कोपरा चावून चावून पार झिंज्या झालेला.

ती तशीच खाली ओणवी राहिली.

"सापडत नाहीये का?" बाईंनी वरून विचारलं.

"सापडलं," ती म्हणाली, आणि टोपणाबरोबर एक दोरा मुठीत घेऊन उठली.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही दोरे शेजारी शेजारी ठेवले. रंग तोच, जाडी तीच, पीळ तोच. मग तिनं स्वतःशीच वाद घालून पाहिला. कोल्हीनं खोलीत शिरून आसन चावलं? खोलीला कुलूप असतं. आसन बाहेर वाळत घातलं होतं? असेलही. पण मग एवढ्या पिशव्यांत? मनात एक विचार डोकं वर काढत होता आणि ती त्याला दाबून खाली बसवत होती. छे! असं कसं होईल! मास्तरांना त्या बापड्यांना...

गुरुवारी सकाळच्या फेरीला ती सगळ्यांच्या आधी निघाली आणि मास्तरांच्या मागे गवतात लपतछपत गेली. मास्तर नेहमीसारखे झोकात चालले होते. एका झुडपापाशी थांबले, जमिनीला नाक लावलं, पण नुसतं लावल्यासारखं केलं. पुन्हा थोडं चालले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, बाई अजून लांब आहेत याची खात्री करून घेतली, पाठ वाकवली, आणि आपलं सकाळचं काम उरकलं. मागच्या पायांनी थोडी माती उडवली. गोल फिरले. आणि त्याच्याच शेजारी ताठ बसले, मान वर, मोडलेला कानसुद्धा होईल तेवढा उभा.

"शाब्बास रे!" मागून बाई आल्या. बिस्कीट दिलं. लंबूनं इमानेइतबारे पिशवी काढली आणि वर लिहिलं: कोल्हा.

चौकशीनं ओणवं होऊन वास घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. कोल्ह्याच्या उग्र वासाचा मागमूस नव्हता. रस्त्यावर चुकून पाय पडला की येतो तोच, साधा, ओळखीचा कुत्र्याचा वास.

आधी तिला हसू फुटलं, असं की तोंडात रुमाल कोंबावा लागला. किती हुशार! बिस्कीट मिळतं कशाबद्दल, हे यांनी बरोबर ताडलं आणि मग शोधायचे कष्टच बंद केले. विद्यापीठाला खुशाल गंडवलं! पण हसता हसता तिच्या लक्षात आलं आणि हसू जागीच थांबलं. हे जर मास्तरांचं, तर पिसंही मास्तरांच्या पोटातली. कोंबड्यांभोवतीचं कुंपण सरांनी कोल्हीच्या भीतीनं मजबूत केलं होतं, आणि मास्तरांना सर हातानं फाटक उघडत होते.

आणि उद्या शुक्रवार.

गप्प बसलं तर कोल्ही जाणार. बोललं तर बाईंचं काय होणार? बाई मास्तरांना घेऊन कुठे कुठे गेल्या होत्या, किती विद्यापीठांत त्यांनी या कुत्र्याचं कौतुक केलं होतं. घरी बाईंना दुसरं कुणी नव्हतं. सुट्टीत कुठे जायचं असलं तरी त्या आधी मास्तरांना चालेल का ते बघायच्या. सकाळभर चौकशीला कुठल्याच तासाला काही ऐकू आलं नाही. तिला बाई फार आवडायच्या, आणि म्हणूनच पाय उचलत नव्हता. शेवटी तिनं ग्रंथालयाच्या खिडकीतून एकदा पाइपाकडे पाहिलं आणि बाईंकडे गेली.

तिनं सांगितलं. दोरा सांगितला, आसन सांगितलं, झुडपामागचं सांगितलं. बाईंचा चेहरा आधी लाल झाला.

"तू काय बोलतेयस कळतंय का तुला? मी याला तयार केलंय. मी."

"बाई, मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू एकदा पाहिलंस."

"मग तुम्ही वास घेऊन बघा. सगळ्या पिशव्या आहेत." ती थांबली नाही. "आपण कुणी वासच घेतला नाही बाई. मीसुद्धा नाही."

बाई उठल्या, त्यांनी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून एक घट्ट झाकणाची बरणी काढली. प्राणिसंग्रहालयातल्या कोल्ह्याची विष्ठा होती ती, नव्या मुलांना वास ओळखायला शिकवण्यासाठी मागवलेली. झाकण उघडल्याबरोबर चौकशीच्या डोळ्यांत पाणी आलं. हा तो वास!

विभागामागच्या हिरवळीवर बाईंनी रिकाम्या कुंड्या उपड्या घालून ओळीत मांडल्या आणि एकीखाली ती विष्ठा ठेवली. कुंडीच्या बुडाला भोक असतं, त्यातून वास असा येत होता की लंबू दहा पावलं मागे सरकला. मग बाईंनी मास्तरांना सोडलं. "शोध रे."

मास्तर निघाले. पहिल्या कुंडीवरून गेले, दुसरीवरून गेले. जिच्याखाली होती त्या कुंडीच्या भोकावर त्यांचं नाक अगदी टेकलं, आणि ते पुढे गेले. शेवटपर्यंत जाऊन त्यांनी वळून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"पुन्हा शोध रे. शोध."

पुन्हा गेले. पुन्हा नाक टेकलं. पुन्हा काही नाही. आता त्यांची शेपूट खाली आली होती. कुंड्यांकडे न बघता ते बाईंच्याच चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. मग ते शेवटच्या कुंडीमागे गेले. पाठ वाकवली. बराच जोर लावला, कारण सकाळचं आधीच झालेलं होतं. कसंबसं इतकुसं काहीतरी झालं. आणि त्याच्याशेजारी मास्तर ताठ बसले, मान वर करून, बाईंकडे बघत.

लंबूसुद्धा हसला नाही.

बाईंचा हात सवयीनं खिशात गेला होता तो तिथंच राहिला. "याला वासच येत नाही गं," त्या म्हणाल्या. "अजिबात येत नाही. कधीपासून येत नसेल? आणि मी रोज याला पुढे पाठवत होते, शोध म्हणून. काय करणार बिचारा? सापडलं नाही तर मला आवडणार नाही असं वाटलं असेल त्याला." गुडघे दुखरे असलेल्या बाई सावकाश खाली बसल्या, गवतात, आणि त्यांनी मास्तरांचं डोकं आपल्या कोटात घेतलं. मग त्यांनी मास्तरांना बिस्कीट दिलं. चौकशीला वाटलं, आपण उगीच बोललो, आणि त्याच क्षणी वाटलं की नाही, बोलायलाच हवं होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि तिला रडू येत होतं.

डोळे पुसून बाई उठल्या त्या तडक कोंबडीवाल्या सरांकडे. मागोमाग चौकशी आणि लंबू.

"मास्तर?" सर ओरडले. "अहो, काहीतरीच काय! मास्तरांना मी स्वतः फाटक उघडतो!"

"तेच सांगतेय मी," बाई म्हणाल्या.

"मी चहाला आत जातो तेवढा वेळ तर ते असतात तिथे. राखण करतात!"

"तेवढा वेळ पुरतो, सर."

सरांनी कोंबड्यांकडे पाहिलं, मग बाईंच्या पायांशी बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून शेपूट हलवली. बाईंनी सरळ सांगितलं: पिंजरा थांबवा, मास्तर आजपासून साखळीला. एक जरी कोंबडी गेली तरी पिंजरा मी माझ्या हातानं लावीन. गेलेल्या कोंबड्यांचा दोष माझ्या कुत्र्याचा, म्हणजे माझा. बैठकीत मीच उभी राहून सांगेन. सर कुरकुरले, पण बाईंचा चेहरा बघून त्यांना नाही म्हणवलं नाही.

शुक्रवार आला आणि गेला. पिंजरा झाडाखाली झाकून पडून राहिला. चौकशीचा जीव टांगणीला. रोज सकाळी ती कुंपणाबाहेर उभी राहायची आणि सर कोंबड्या मोजून आले की त्यांच्या तोंडाकडे बघायची. सर काही न बोलता आत जायचे, त्यावरून कळायचं की सगळ्या जागेवर आहेत. असे बरेच दिवस गेल्यावर ते एकदा आपणहून वन्यजीव विभागाच्या दारात आले. "तो पिंजरा घेऊन जा," ते म्हणाले. "उगीच जागा अडते." जाता जाता टेबलाखाली वाकून त्यांनी साखळीला बांधलेल्या मास्तरांना हळू आवाजात म्हटलं, "असं करायचं असतं का हो? माझ्याशी?"

चौकशी ग्रंथालयाच्या खिडकीत गेली आणि मनसोक्त रडली. खाली ते धीट पिल्लू पुन्हा कागदामागे लागलं होतं.

त्या दिवशी बाईंनी वर्गात सगळ्या पिशव्या टेबलावर ओतल्या. "म्हणजे मुलांनो," त्या म्हणाल्या, "आपली कोल्ही काय खाते हे आपल्याला मुळीच माहीत नाही."

"कुत्रा काय खातो यात मात्र आपला हात कुणी धरणार नाही," लंबू म्हणाला, आणि सगळ्यात आधी बाईच हसल्या. त्यांचे डोळे किती दिवसांनी असे चमकत होते. इतक्या वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं, आणि बाई मात्र पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या पोरीसारख्या दिसत होत्या. "काय खात असेल गं? तुला काय वाटतं? उंदीर? बोरं? नुसते किडे? चला. आपापली नाकं घेऊन चला."

मग विद्यापीठानं एक देखावा पाहिला. वन्यजीव विभाग अख्खा हातापायांवर रांगत ग्रंथालयामागच्या गवतातून चाललाय, नाक जमिनीला, लंबूचे पाय सगळ्यात मागे लांबवर. बाईंनी गुडघ्यांना जुनी उशी बांधली होती. त्यांच्या मनगटाला साखळी आणि साखळीला मास्तर, आज कसलंच काम नसल्यामुळे जरा गोंधळलेले. वर खिडकीत ग्रंथपाल चष्म्यावरून बघत होत्या.

पाइपापासून थोड्या अंतरावर एका दगडापाशी चौकशीला तो वास आला. उग्र! डोक्यात घुसणारा. ती थबकली. दगडावरच होती ती विष्ठा, एका टोकाला निमुळती. आत भुंग्यांचे पंख चमकत होते, कसल्याशा फळाच्या बिया होत्या, उंदराचे करडे केस होते. एकही पीस नव्हतं. तिला ओरडून सगळ्यांना बोलवावंसं वाटलं, पण पाइपात पिल्लं होती, घाबरली असती. मग ती काय करणार? ती त्या दगडाशेजारी ताठ बसली, मान वर करून, आणि बाई यायची वाट बघत राहिली.

बाई रांगत आल्या. त्यांनी आधी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग त्यांनी चौकशीकडे पाहिलं, ती कशी बसलीय ते पाहिलं, आणि त्यांचा हात आपसूक खिशात गेला. "शाब्बास गं," त्या म्हणाल्या, आणि तिच्या तळहातावर एक बिस्कीट ठेवलं.

मास्तर दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. चौकशीनं बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि मोठा त्यांच्यापुढे धरला. दुसरा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला, कारण ही बिस्किटं लागतात तरी कशी, हे तिला पहिल्या दिवसापासून जाणून घ्यायचं होतं.